टेलिफोनच्या तारेवरचं ब्रॉडबँड: मोडेममधले आकडे वाचा, बिघाड स्वतः शोधा

पहिला जोराचा पाऊस झाला की गोव्यातल्या कितीतरी घरांत एकच तक्रार सुरू होते: नेट येतं आणि जातं. मग मोडेम बंद-चालू केला जातो, मोठा प्लॅन घेतला जातो, नवा राउटर येतो. पैसे जातात आणि नेट होतं तसंच राहतं, कारण बिघाड तारेत असतो आणि तार कुणी तपासलेलीच नसते.

तारेवर नेट घेणाऱ्या प्रत्येक घरात निदान एका माणसाला मोडेममधले तीन आकडे वाचता यायला हवेत, असं माझं ठाम मत आहे. बिघाड घरातला आहे, खांबावरचा आहे, की टेलिफोन एक्स्चेंजच लांब असल्यामुळे याहून जास्त वेग मिळणारच नाही, हे त्या आकड्यांवरून पाच मिनिटांत कळतं. त्यासाठी इंजिनिअर असावं लागत नाही. ज्यांच्या घरी अजून तांब्याची जोडी आहे आणि फायबर वाड्यापर्यंत, म्हणजे वस्तीपर्यंत, आलेलं नाही, त्यांच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहितो आहे.

आधी तार कुठून येते ते बघा

एक्स्चेंजमध्ये प्रत्येक फोन नंबरची एक जोडी असते, म्हणजे एकमेकींभोवती पीळ दिलेल्या तांब्याच्या दोन बारीक तारा. पीळ मुद्दाम दिलेला असतो. बाहेरचा विद्युत गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच पडावा आणि पलीकडच्या टोकाला वजा होऊन जावा, हा त्यामागचा हेतू. या जोड्या शेकड्यांनी एका जाड केबलमध्ये भरून जमिनीखालून निघतात आणि रस्त्याकडेच्या पिलरमध्ये येतात. पिलर म्हणजे ती लोखंडी कपाटं. तिथून लहान केबल वाड्यावरच्या डीपीपर्यंत, म्हणजे खांबावरच्या किंवा भिंतीवरच्या छोट्या पेटीपर्यंत जाते. डीपीपासून तुमच्या घरापर्यंत लोंबकळत येते ती ड्रॉप वायर. घरात ती रोझेटवर, म्हणजे भिंतीवरच्या त्या चौकोनी पांढऱ्या डबीत संपते.

कधीतरी ऊन असताना घरापासून डीपीपर्यंत चालत जा आणि वायर नीट बघा. कुठे माडाच्या झावळीला घासते, कुठे फणसाच्या फांदीतून जाते, कुठे जोड देऊन काळी टेप गुंडाळली आहे, हे सगळं जमिनीवरून दिसतं. फोंडा-सत्तरीकडच्या कुळागरांतून गेलेल्या वायरींचं नुकसान बहुधा पोफळी आणि वेलींमुळे होतं. किनाऱ्याकडे कांदोळी, बाणावली, पाळोळे या भागांत खारा वारा जोडांवरचं तांबं खातो. मोबाइलवर फोटो काढून ठेवा, पुढे तक्रार करताना उपयोगी पडतात. मात्र खांबाला किंवा पेटीला हात लावू नका. बऱ्याच ठिकाणी त्याच खांबावरून विजेच्या ताराही गेलेल्या असतात.

एकाच तारेवर फोन आणि नेट कसं चालतं

माणसाचा आवाज फोनवरून जातो तो ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यात. तांब्याची तार त्याच्या शेकडो पट वरच्या वारंवारता वाहू शकते, पण फोनसाठी ती जागा कुणी वापरतच नव्हतं. डीएसएल तंत्राने ती वापरात आणली. एडीएसएल या त्याच्या घरगुती प्रकारात साधारण २६ ते १३८ किलोहर्ट्झचा पट्टा घरातून बाहेर जाणाऱ्या माहितीला दिला आहे आणि तिथून १,१०४ किलोहर्ट्झपर्यंतचा घरात येणाऱ्या माहितीला. नंतरच्या एडीएसएल २ प्लसने वरची हद्द दुप्पट करून २,२०८ किलोहर्ट्झवर नेली. म्हणून जुन्या पद्धतीत कमाल ८ एमबीपीएसच्या आसपास आणि नव्या पद्धतीत २४ एमबीपीएसपर्यंत वेग मिळू शकतो, अर्थात कागदावर.

येणाऱ्या बाजूला जास्त जागा आणि जाणाऱ्या बाजूला कमी, ही वाटणी अमेरिकेतल्या बेलकोअर कंपनीतले अभियंते जोसेफ लेकलायडर यांच्या विचारातून आली. घरातला माणूस पाठवतो कमी आणि मागवतो जास्त, असा त्यांचा हिशेब होता. तो काळ व्हिडिओ कॉलचा नव्हता. आज या वाटणीचा त्रास नेमका तिथे होतो, त्याबद्दल पुढे सांगतो.

हा सगळा पट्टा ४.३१२५ किलोहर्ट्झ रुंदीच्या शेकडो लहान कप्प्यांत विभागलेला असतो. मोडेम चालू झाला की तो एक्स्चेंजमधल्या डीस्लॅम नावाच्या यंत्राशी बोलून प्रत्येक कप्पा तपासतो. जो स्वच्छ त्यात जास्त माहिती भरतो, जो खराब तो सोडून देतो. ही तपासणी चालू असते तेव्हाच मोडेमवरचा डीएसएल दिवा लुकलुकत असतो. तो स्थिर झाला म्हणजे दोन्ही टोकांचं जमलं. मध्यम लहरींचा रेडिओ साधारण ५३० ते १,६०० किलोहर्ट्झवर चालतो, म्हणजे अगदी याच पट्ट्यात. रात्री लांबची रेडिओ केंद्रं जास्त स्पष्ट ऐकू येतात, तेव्हा काही कप्पे त्यांच्यामुळे खराब होतात. दिवसा ठीक आणि रात्री ढिला, अशा लाइनमागे पुष्कळदा हेही एक कारण असतं.

अंतर: इथे कुणाचंच काही चालत नाही

वारंवारता जितकी वरची, तितकी ती तारेत लवकर विरते. त्यामुळे एक्स्चेंजपासून जसजसे लांब जाल तसतसे वरचे कप्पे आधी मरतात आणि वेग उतरतो. चांगल्या तारेवर एडीएसएल २ प्लसचा वेग एक किलोमीटरवर २० एमबीपीएसच्या वर, तीन किलोमीटरवर ८ ते १० आणि पाच किलोमीटरवर, लाइन टिकलीच तर, जेमतेम एक-दीड, असा ढोबळ अंदाज धरा. हे अंतर तारेचं आहे. वाडा एक्स्चेंजपासून हाकेच्या अंतरावर दिसत असला तरी केबल रस्त्याने, पूल ओलांडून, पिलरला वळसा घालून आलेली असते.

भारतात २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं आणि जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलने टेलिफोनच्या तारेवर ही सेवा सुरू केली. त्या वेगाला चार-पाच किलोमीटरची तार सहज पुरत होती. २०२३ मध्ये ही किमान मर्यादा २ एमबीपीएस झाली. तारा मात्र पुष्कळ ठिकाणी त्याच राहिल्या. तेव्हा तार खराब नसतानाही वेग कमी असू शकतो, हे मान्य करूनच पुढची तपासणी करा.

मोडेमचं पान उघडा

आता मुख्य काम. मोडेमला लॅपटॉप शक्यतो लॅन केबलने जोडा. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ हा पत्ता टाका. काही मोडेमना १९२.१६८.०.१ लागतो, आणि तो मोडेमच्या पोटाखालच्या स्टिकरवर छापलेला असतो. युजरनेम आणि पासवर्डही बहुधा तिथेच सापडतात. पासवर्ड अजून कारखान्यातलाच असेल तर आजच बदला. तो कुणालाही ठाऊक असतो.

आत गेल्यावर ‘स्टेटस’, ‘डिव्हाइस इन्फो’ किंवा ‘स्टॅटिस्टिक्स’ अशा नावाच्या पानावर एडीएसएल किंवा डीएसएल असा भाग शोधा. तिथे डाउनस्ट्रीम आणि अपस्ट्रीम असे दोन रकाने दिसतील. आपल्याला मुख्यतः डाउनस्ट्रीमचा रकाना बघायचा आहे.

पहिला आकडा लाइन अटेन्युएशन, म्हणजे सिग्नल वाटेत किती विरला. तो डेसिबलमध्ये असतो आणि जितका कमी तितका चांगला. साधारण १४ डेसिबल म्हणजे एक किलोमीटर तार, असं मोजा. तार बारीक असेल तर अंतर त्याहून थोडं कमी निघेल. २० च्या आत असेल तर तुम्ही नशीबवान, ४० पर्यंत काम चालतं, ५० च्या पुढे ओढाताण आणि ६० च्या पुढे लाइन उभी राहणंच मुश्किल. हा आकडा तारेच्या लांबीवर ठरतो, त्यामुळे तो दिवसेंदिवस जवळपास स्थिर राहायला हवा. एका रात्रीत ३२ वरून ४५ वर गेला असेल तर घर काही एक्स्चेंजपासून लांब सरकलेलं नाही. कुठेतरी जोड सुटलाय किंवा पाणी शिरलंय.

दुसरा आकडा एसएनआर मार्जिन किंवा नॉइज मार्जिन. शिरगावच्या जत्रेतल्या गर्दीत शेजारच्याशी बोलताना आवाज जितका वर काढावा लागतो, तसा हा प्रकार आहे: गोंगाटाच्या वर सिग्नलला अजून किती मोकळी जागा उरली आहे ते हा आकडा सांगतो. इथे जितका जास्त तितका चांगला. १० च्या वर असेल तर लाइन दिवसचे दिवस तुटत नाही. ६ च्या खाली आला की कधीही तुटेल. पंखा, मिक्सर किंवा कुणाचा पाण्याचा पंप चालू झाला तरी पुरतं. हा आकडा एकदाच बघून उपयोग नाही. सकाळी, रात्री नऊच्या सुमारास आणि पाऊस चालू असताना, असा तीन वेळा टिपून घ्या. वहीत लिहा किंवा पानाचा फोटो काढा.

तिसरा आकडा एररचा, सीआरसी नावाने दिसतो. माहितीचे किती तुकडे खराब होऊन पोचले त्याची ती मोजणी आहे. मोडेम चालू असेपर्यंत ती वाढतच जाते, म्हणून एकूण आकड्याला घाबरू नका. एकदा बघा, दहा मिनिटांनी पुन्हा बघा. दहा-वीसने वाढला तर दुर्लक्ष करा. हजारोंनी वाढला तर तारेत किंवा घरात काहीतरी गडबड आहेच.

तिन्ही आकडे एकत्र कसे वाचायचे ते एका उदाहरणाने सांगतो. समजा अटेन्युएशन २८, मार्जिन ५ आणि सीआरसी दहा मिनिटांत चार हजारांनी वाढतोय. २८ म्हणजे दोन किलोमीटर, म्हणजे अंतर मुळीच वाईट नाही. मग मार्जिन एवढा कमी का? गोंगाट बाहेरून शिरतोय. जोड खराब आहे, फोन आणि नेट वेगळं करणारा फिल्टर नाही, किंवा घरातली वायरिंग घोळ घालते आहे. हे दुरुस्त होणारं दुखणं आहे. याउलट अटेन्युएशन ५६, मार्जिन ९ आणि सीआरसी जवळजवळ स्थिर असेल, तर लाइन निरोगी आहे, फक्त लांब आहे. तिथे लाइनमनला कितीही वेळा बोलावलं तरी वेग वाढणार नाही.

त्याच पानावर सिंक रेट किंवा लाइन रेट असतो, तोही टिपा. लाइन ८,१२८ केबीपीएसवर जुळली असेल तर स्पीड टेस्टमध्ये ७ च्या आसपास दिसणं बरोबर आहे. १० ते १५ टक्के भाग माहितीच्या वेष्टनातच जातो. शिवाय प्लॅन मोजतात बिटमध्ये आणि डाउनलोडची खिडकी दाखवते बाइटमध्ये. ८ एमबीपीएसच्या लाइनवर सेकंदाला जास्तीत जास्त एक मेगाबाइट उतरतो, आणि एक जीबीची फाइल यायला सतरा मिनिटं लागतात. यात कुणी फसवत नाही.

आता घरातली वायरिंग, आणि इथेच जास्त वेळ द्या

माझ्या पाहण्यातल्या बहुतेक खराब लाइनी शेवटच्या वीस-तीस मीटरमध्ये खराब होत्या. एक्स्चेंज ठीक, भूमिगत केबल ठीक, आणि दरवाजाच्या चौकटीखाली खिळ्याने ठोकलेल्या जुन्या वायरीत सगळं अडलेलं.

पहिली चाचणी कानाने करा. साधा वायरचा फोन रोझेटला थेट लावा, रिसीव्हर उचला आणि एकच कोणताही आकडा दाबा. डायल टोन थांबेल आणि काही सेकंद शांतता मिळेल. त्या शांततेत खरखर, कडकड किंवा गुणगुण ऐकू आली तर जोडात पाणी किंवा गंज आहे. पाऊस पडत असताना ही चाचणी केलीत तर उत्तर आणखी स्पष्ट येतं.

काही लक्षणांचं नुसतं ऐकूनच निदान होतं. फोन उचलला की नेट तुटतं: फिल्टर नाही किंवा उलटा लावलाय, नाहीतर तारेत कमजोर जोड आहे. फोनची घंटी वाजताच नेट जातं: तेच. फोन पूर्ण मुका पण नेट कसंबसं, अगदी हळू चालू: जोडीतली एक तार तुटली आहे. एका तारेवर फोन चालूच शकत नाही, पण वरच्या वारंवारता कशाबशा पार होतात आणि मोडेम जुळून राहतो. अशा वेळी ‘नेट हळू आहे’ अशी तक्रार करू नका, ‘फोन बंद आहे’ अशी करा. ती लवकर मार्गी लागते. फोन खणखणीत पण डीएसएल दिवा लुकलुकतच राहतो: मोडेमची वायर, फिल्टर किंवा एक्स्चेंजमधला पोर्ट. डीएसएल दिवा स्थिर पण इंटरनेटचा दिवा बंद किंवा लाल: तार ठीक आहे. बिल थकलंय का ते बघा, नाहीतर युजरनेम-पासवर्डची गडबड आहे.

दुसरी चाचणी डोळ्याने. रोझेटचं झाकण एका स्क्रूने बसवलेलं असतं. उघडण्याआधी फोन आणि मोडेम काढा आणि आभाळात गडगडाट असेल तर हे काम दुसऱ्या दिवसावर टाका. लाइनवर एरवी ४८ व्होल्ट असतात, पण घंटी आली की ७५ व्होल्टच्या आसपास जातात, चटका बसतो. म्हणून आत नुसतं बघायचं आहे. एका जुन्या घरात बल्कांवाच्या, म्हणजे पुढच्या ओसरीच्या, भिंतीवरची रोझेट उघडली तेव्हा आत दोन पितळी स्क्रू होते. एक चकचकीत, दुसऱ्यावर हिरवट पूड साचलेली, त्याखाली तार काळी पडलेली आणि केसाएवढी उरलेली, आणि कोपऱ्यात मुंग्यांनी आणलेली माती. त्या घरात आधीच दोन मोडेम बदलून झाले होते. तार थोडी कापून, नवं तांबं उघडं करून नव्या रोझेटमध्ये कसल्यावर मार्जिन ६ वरून १३ वर गेला. रोझेट हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळते. ती दमट भिंतीवर बसवू नका, छपराच्या पागोळ्या पडतात त्या बाजूला तर अजिबात नको.

तिसरी चाचणी काढून-घालून करायची. गोव्यातल्या जुन्या मोठ्या घरांत एक फोन दिवाणखान्यात, एक स्वयंपाकघरापाशी, एक माडीवर, अशा समांतर वायरी ओढलेल्या असतात. फोन काढून टाकला तरी त्याची वायर लोंबत राहते. अशी मोकळी शाखा सिग्नल परत फिरवते आणि काही कप्पे मारून टाकते. सगळ्या समांतर वायरी रोझेटमधून सुट्या करा. मोडेमला नवी, छोटी, दोन मीटरच्या आतली आरजे-११ वायर लावून तो थेट रोझेटपाशी ठेवा. आता मोडेमचं पान उघडून तिन्ही आकडे पुन्हा टिपा. सुधारले तर दोष घरात होता. एकेक वायर परत जोडत जा. ज्या वायरीने आकडे बिघडतील ती कायमची काढून टाका. काहीच सुधारलं नाही तर घर निर्दोष आहे, आता तक्रार करा.

फिल्टर, ज्याला स्प्लिटरही म्हणतात, नीट लावणं महत्त्वाचं आहे. त्यावर ‘लाइन’, ‘फोन’ आणि ‘मोडेम’ किंवा ‘डीएसएल’ अशी तीन तोंडं असतात. रोझेटमधून आलेली वायर ‘लाइन’ला. घरात दुसरा फोन असेल तर त्यालाही वेगळा फिल्टर हवा. एक फोन जरी फिल्टरशिवाय राहिला तरी तो सगळी लाइन बिघडवतो. फोन वापरतच नसाल तर फिल्टर काढून मोडेम थेट लावा.

मोडेम रीसेट झाला असेल आणि पुन्हा सेट करायचा असेल तर बीएसएनएलच्या तांब्याच्या जोडणीला व्हीपीआय ०, व्हीसीआय ३५ आणि पीपीपीओई हे पर्याय लागतात. पुढे युजरनेम आणि पासवर्ड. हे सगळं एका कागदावर लिहून मोडेमच्या मागे चिकटवून ठेवा. मुलगा बाहेरगावी असताना घरच्यांना फोनवरून ही अक्षरं सांगणं किती कठीण असतं ते ज्यांनी केलंय त्यांना ठाऊक आहे.

लाइनमनला काय सांगायचं

‘नेट चालत नाही’ एवढंच सांगितलं तर माणूस येतो, मोडेम बंद-चालू करतो आणि जातो. त्याचा दोष नाही, त्याला धरायला काही मिळालेलंच नसतं. असं सांगा: ‘घरातल्या सगळ्या समांतर वायरी सुट्या केल्या आहेत, मोडेम रोझेटवर थेट आहे, अटेन्युएशन आधी ३० होतं ते ४३ झालं, मार्जिन पावसात ३ वर येतो, फोनमध्ये खरखर आहे.’ एवढ्यावरून तो थेट डीपीकडे जातो. आला की त्याच्यासोबत राहा, मोडेमचं पान उघडून दाखवा आणि डीपीवर दुसरी मोकळी जोडी असेल तर ती लावून बघायला सांगा. जोडी बदलल्याने सुटलेल्या तक्रारी फार आहेत. ड्रॉप वायरीत मधे जोड असतील तर पूर्ण वायर अखंड बदलून मागा. टेप गुंडाळलेला जोड एक पावसाळा काढतो, दुसरा नाही. काम झाल्यावर तो निघण्याआधीच आकडे पुन्हा बघा.

तक्रार नोंदवली की डॉकेट नंबर मिळतो, तो जपून ठेवा. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या नियमांप्रमाणे प्रत्येक कंपनीला तक्रार केंद्राच्या वरती अपिलीय प्राधिकरण ठेवावं लागतं, आणि तिथे जाताना हा नंबर लागतो. सोबत तारीखवार आकड्यांची वही असेल तर तुमच्या म्हणण्याला वजन येतं. हे सगळं मे महिन्यात, पावसाआधी उरकून घेतलेलं सर्वांत चांगलं. जून-जुलैत सगळ्यांच्याच लाइनी एकदम पडतात आणि माणसं तेवढीच असतात.

वीज: ही गोष्ट हलकी घेऊ नका

मे महिन्यातला वळीव आणि ऑक्टोबरचा परतीचा पाऊस, या दोन काळांत गोव्यात कडकडाटासह वीज पडते. लोक मोडेमचा विजेचा प्लग काढतात आणि टेलिफोनची वायर तशीच ठेवतात. पण ती वायर उघड्या आभाळाखालून खांबाखांबांवरून आलेली असते, आणि मोडेम जळतात ते बहुधा तिच्या वाटेने. आभाळ गडगडायला लागलं की दोन्ही काढा: विजेचा प्लग आणि फोनची वायर. मोडेमपासून संगणकाला लॅन केबल असेल तर तीही. गडगडाट चालू असताना वायरचा फोन कानाला लावू नका. फोनच्या वायरीसाठी सर्ज प्रोटेक्टर मिळतो, पण घराचं अर्थिंग चांगलं नसेल तर तो नुसता शोभेचा. आधी अर्थिंग तपासून घ्या.

वीज खात्याची लाइन गेली तरी साधा वायरचा फोन चालतो, कारण त्याला लागणारी वीज एक्स्चेंजमधून तारेवरूनच येते. मोडेम मात्र बंद पडतो. मोडेमला बहुधा १२ व्होल्ट लागतात. तेवढ्यासाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो, तो काही तास सहज काढतो. अडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचूनच घ्या.

जाणारी वाट अरुंद आहे

लाइन निरोगी असूनही व्हिडिओ कॉल अडखळतो, तेव्हा बघायची जागा म्हणजे अपलोड. एडीएसएल २ प्लसवर तो फार तर एक एमबीपीएसच्या आसपास मिळतो. मोबाइलमधला एक फोटो ४ मेगाबाइटचा धरला तर ८०० केबीपीएसच्या अपलोडवर तो जायला ४० सेकंद लागतात. चतुर्थीला सगळं घर जमतं, माटोळीचे आणि आरतीचे फोटो निघतात, आणि सात-आठ मोबाइल वायफायवर आल्याबरोबर आपापले फोटो गुपचूप क्लाउडवर चढवू लागतात. वीस फोटो म्हणजे तेरा मिनिटांहून जास्त वेळ जाणारी वाट पूर्ण भरलेली. तेवढ्या वेळात येणारी माहितीही अडते, कारण ‘मिळालं’ अशी पोच याच वाटेने परत जायची असते. दुबईला किंवा लंडनला असलेल्या मुलाचा चेहरा मग पडद्यावर गोठून राहतो.

उपाय सोपा आहे. घरातल्या मोबाइलवर फोटो बॅकअप फक्त रात्री किंवा चार्जिंगला लावल्यावर होईल असं ठरवा. राउटरमध्ये क्यूओएस किंवा बँडविड्थ कंट्रोल असेल तर अपलोडला प्रत्यक्ष वेगाच्या ८५ टक्क्यांवर मर्यादा घाला. रांग मोडेममध्ये साचत नाही आणि कॉल सुरळीत चालतो.

वायफायबद्दल थोडक्यात. चिऱ्याच्या दीड फुटी भिंतीपलीकडे सिग्नल जेमतेम पोचतो, ५ गिगाहर्ट्झचा तर त्याहून कमी. राजांगणाच्या पलीकडच्या खोलीत नेट हवं असेल तर महागडा राउटर घेण्याआधी एक लांब लॅन केबल ओढून पलीकडे साधा अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे केबलवरून वायफाय देणारी पेटी, बसवा. मोडेम रोझेटपाशीच राहू द्या. फोनची वायर लांबवून मोडेम आतल्या खोलीत नेणं चुकीचं, लॅन केबल लांबवणं बरोबर. २.४ गिगाहर्ट्झवर चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी मोकळा असेल तो निवडा. आणि वेग तपासायचा तो नेहमी केबल लावून, वायफायवर नाही.

तांबं कधी सोडायचं

अटेन्युएशन ५० च्या वर असेल आणि घरात कुणी नेटवर नोकरी किंवा शिक्षण करत असेल, तर तारेवर आणखी पैसे घालू नका. वाड्यावर फायबर आलंय का ते विचारा, आलं नसेल तर आसपासच्या घरांनी मिळून अर्ज करा. एकट्या घरासाठी केबल ओढायला कुणी लवकर तयार होत नाही. फायबरमध्ये सिग्नल प्रकाशाचा असतो, २० किलोमीटरपर्यंत वेग न घटता येतो, आणि ओलाव्याचा, गंजाचा किंवा रेडिओचा त्यावर परिणाम नाही. झाड पडून केबल तुटली तर मात्र ती जोडायला खास यंत्र लागतं, टेप गुंडाळून भागत नाही.

बदलताना तीन गोष्टी आधी पक्क्या करा. जुना ०८३२ चा नंबर तोच राहतो का, हे अर्ज भरतानाच विचारा. बहुतेक वेळा राहतो. फायबरवरचा फोन घरातल्या यंत्रावर चालतो, त्यामुळे वीज गेली की फोनही जातो. घरात एकटी म्हातारी माणसं असतील तर यूपीएस पहिल्याच दिवशी लावून घ्या आणि वीज बंद करून फोन लागतो का ते करून बघा. आणि फायबर सुरू होऊन निदान एक बिल येईपर्यंत तांब्याची जोडणी बंद करू नका. ती बंद कराल तेव्हा मोडेम कंपनीचा असेल तर परत करून पावती घ्या, डिपॉझिट परत मागताना ती लागते.